हक्काचं भांडण

इथे आयर्लंडात एनिसपासून स्लायगोपर्यंत जेवढी म्हणून मराठी घरं माझ्या ओळखीची आहेत, त्या सगळ्यांना मी सांगून बसले होते की आमची स्वरांगी स्पेनमध्ये उपाशी राहतेय. आता ती माणसं दिवाळीच्या कार्यक्रमात भेटली की माझ्याकडे बघून हसतात. हसू देत. आई झाल्याशिवाय कळत नाही असं म्हणणार होते, पण हसणाऱ्यांत निम्म्या आयाच आहेत.

२०१७ सालची गोष्ट. स्वरांगी लिमरिकच्या कॉलेजात बिझनेस आणि स्पॅनिश शिकत होती, आणि त्या अभ्यासक्रमात तिसरं वर्ष स्पेनमध्ये काढायचं असतं. तिच्या वाट्याला वायादोलिद नावाचं शहर आलं. मला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. एका परदेशात मूल वाढवताना आमच्या नाकी नऊ आले होते, त्यात हा दुसरा परदेश कशाला? पण विनयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भारी कौतुक. तो शॅननला एका विमान कंपनीच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करतो. माणसानं जग बघितलं पाहिजे असं त्याचं म्हणणं असतं, स्वतः शनिवारी सोफ्यावरून उठत नाही तरी.

एक पळवाट तेवढी होती. कॉलेजनं सांगितलं होतं की एखाद्याला तिकडे अगदीच जमलं नाही, तर ऑक्टोबर संपायच्या आत परत यावं, लिमरिकच्या वर्गात सामावून घेऊ. त्यानंतर मात्र जूनपर्यंत तिकडेच राहायचं. विनय ते ऐकून विसरला. मी विसरले नाही. मला ती परत हवी होती, हे मी तेव्हाही लपवलं नव्हतं आणि आजही लपवत नाही.

स्वरांगीबद्दल थोडं सांगते. ती दोन वर्षांची असताना आम्ही अमरावतीहून इकडे आलो. मराठी तिला सगळं समजतं, अगदी मी फोनवर कुजबुजते तेसुद्धा, पण उत्तर येतं ते इंग्रजीतच, आणि तेही इथल्या क्लेअर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या हेलात. स्वभाव म्हणाल तर गरीब गाय. कधी कुणाला उलटून बोलली नाही, कधी दार आपटलं नाही. काहीही विचारा, ती म्हणणार, "आय'म ग्रँड, आई." हा ग्रँड म्हणजे इथला राष्ट्रीय शब्द. पाय मोडला तरी ग्रँड, परीक्षेत पहिला आला तरी ग्रँड, आणि माणूस आतून पार कोसळला असला तरी ग्रँडच. त्या एका शब्दावर मी मुलगी वाढवली, तर मला काय कळणार तिच्या मनात काय चाललंय ते.

तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ती फोनवर रडली. रडली म्हणजे काय, नुसतं नाक ओढलं. मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणे काही नाही. मग तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. कॉलेजात विषय निवडायला हिला एका ऑफिसातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पाठवलं, आणि तिसरं बंद झालं होतं. वर्गातले सर इतके भरभर बोलतात की वाक्य कुठं संपलं तेच कळत नाही. शाळेपासून स्पॅनिश शिकलेली मुलगी, इथे वर्गात सगळ्यांना शिकवायची, आणि तिथे पाव मागायला गेली तर दुकानदारीण दोनदा विचारते काय म्हणालीस.

"ये परत," मी म्हटलं. "आत्ता तिकीट काढते."

विनय मागून म्हणाला, "अगं, पहिलाच आठवडा आहे." मी त्याला डोळे दाखवले तसा तो टीव्हीकडे वळला.

ती आली नाही. मग मी रोज फोन करायला लागले. मी एनिसमधल्या एका केमिस्टच्या दुकानात काउंटरवर असते. दुपारच्या सुट्टीत एक फोन, संध्याकाळी स्वयंपाक उरकला की एक. आपल्याकडे फोनवर जो पहिला प्रश्न असतो तोच माझा, जेवलीस का? दुपारी विचारलं तर नाही. रात्री आमची भांडी घासून झाल्यावर विचारलं, तिच्याकडे आणखी तासभर पुढे वाजलेले, तरी नाही. एकदा दुकानातून लवकर सुटले म्हणून चारच्या सुमाराला लावला, तर बाईसाहेब झोपेत. कॉलेज नाही का म्हटलं तर आहे, संध्याकाळी आहे. संध्याकाळी कुठलं कॉलेज असतं? आणि एका रात्री पाणी प्यायला उठले, सहज फोन बघितला, तर ही ऑनलाइन.

मी काही दिवस कळ काढली. मग स्लायगोला माधवीला फोन लावला. माधवी माझी जुनी मैत्रीण, नागपूरच्या मेडिकल कॉलेजची, इथे सरकारी नोकरीत डॉक्टर आहे. तिनं एकेक करून विचारलं.

"जेवण?"

"दोन्ही वेळचं नाही."

"दुपारी झोपते म्हणालीस. आणि रात्री?"

"रात्री जागते."

"रडते?"

"मला कळलंय ते एकदा. न कळलेलं देव जाणे."

माधवी म्हणाली, "पद्मिनी, हे डिप्रेशन आहे. अगदी पुस्तकातलं. मुदत संपायच्या आत जा आणि घेऊन ये तिला." माधवी हाडांची डॉक्टर आहे, हे मला त्या वेळी आठवलं नाही.

झालं. मी ज्याला त्याला सांगत सुटले. कुणी समुपदेशकाचा नंबर दिला, कुणी म्हणालं दृष्ट काढ. मी दोन्ही केलं. फोन ओट्यावर उभा करून, त्यात दिसणाऱ्या स्वरांगीवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. ती तिकडून बघत राहिली आणि म्हणाली, "व्हॉट आर यू अ‍ॅट, आई?" मी म्हटलं काही नाही, तू नुसती सरळ बस.

त्याच फोनवर मी तिला सांगितलं की शनिवारी येतेय, सोमवारी निघायचं, तुझंही तिकीट काढलंय. मला वाटलं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "ओके." ग्रँड म्हणाली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

विनयनं मला डब्लिन विमानतळाच्या बसपर्यंत सोडलं. गाडीत मी त्याला म्हटलं, तुझ्या कौतुकापायी पोरीची ही दशा झाली. त्यानं वायपर सुरू केले. म्हटलं, निदान चूक झाली एवढं तरी म्हण. तो म्हणाला, "तू जाऊन बघ, मग ठरव." असा हा माणूस. भांडायला उभं राहावं तर हा मिठाची गुळणी धरून बसतो.

भांडणावरून आठवलं म्हणून सांगते. मी अमरावतीची. आमच्या गल्लीत दूधवाल्याशी, शेजारणीशी, जावेशी दिवसाकाठी एक तरी खटका उडायचाच, आणि संध्याकाळी त्याच शेजारणीकडून मेथीची जुडी यायची. परक्याशी कोण भांडतं? भांडायला माणूस हक्काचं लागतं. इथे येऊन मला इतकी वर्षं झाली, पण माझ्याशी कुणी मनापासून भांडलेलं नाही. एकदा दुकानात मी एका आजोबांना चुकीचं औषध बांधून दिलं होतं. ते परत आले आणि मलाच सॉरी म्हणाले, वर हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलून गेले. घरी येऊन मी रडले. विनयला कळेना की माणसं चांगली वागली तर रडायचं काय त्यात. मलाही नीट सांगता आलं नाही.

माद्रिदहून गाडीनं वायादोलिदला पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. स्वरांगी स्टेशनवर आली होती. मी आधी तिचे गाल बघितले, मग मनगटं. मुलगी चांगली भरली होती. मी म्हटलं सूज असेल. औषधांनी येते.

स्टेशनातून बाहेर पडलो तर रस्ता सुनसान. दुकानांची शटरं खाली, कुत्रंसुद्धा नाही. मला वाटलं काहीतरी झालंय.

"बंद आहे का आज? कुणी मोठा माणूस गेला का?"

"नाही आई," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, "लोक जेवतायत."

"आत्ता? तीनला?"

"हो. मग झोपतात. मग पाचनंतर पुन्हा सगळं उघडतं."

"आणि रात्रीचं?"

"दहाला. कधी साडेदहा."

मी बॅग घेऊन तिथेच फुटपाथवर थांबले. दुपारी एकला जेवलीस का, नाही. रात्री आठला, नाही. चारला झोप. संध्याकाळी कॉलेज. जेवायलाच दहा वाजल्यावर रात्री जागी राहणार नाही तर काय. अख्खं गाव असंच वागत होतं, आणि माधवीच्या हिशेबानं अख्ख्या गावाला डिप्रेशन होतं.

"मग मला सांगायचंस ना," मी म्हटलं.

"तू विचारलंस कुठे? तू जेवलीस का विचारायचीस, मी नाही म्हणायचे."

माझा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी अशी लाज वाटली की काय सांगू. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता परत गेल्यावर सगळ्यांना काय तोंड दाखवू? मी हसायला लागले. म्हटलं, चल बाई, तुझं तिकीट रद्द करू, मी आपली दोन दिवस राहते आणि जाते.

ती हसली नाही. म्हणाली, "नको. मला यायचंय."

आणि खोलीवर गेले तर खरंच, तिची बॅग भरलेली होती. पलंगावरची चादरसुद्धा घडी करून ठेवली होती.

मी गोंधळून गेले. जेवतेय, झोपतेय, गालावर मांस आलंय, मग परत कशाला यायचंय? मी पलंगाच्या कडेवर बसून विचारलं तर ती खिडकीकडे बघत बोलत राहिली. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोललेली मला आठवत नाही. म्हणाली, इथे सगळे एकाच वेळी बोलतात. कुणी थांबत नाही. एनिसला आपली पाळी आली की बोलायचं असतं, इथे पाळी येतच नाही. पहिला महिना ती नुसती पाळीची वाट बघत बसली आणि लोकांना वाटलं ही घमेंडखोर आहे. वर्गात सर नाव घेऊन विचारतात, तुझं मत काय, आणि काही सांगितलं की समोरचा तोंडावर म्हणतो, चूक आहे. कॅफेत, बसमध्ये, जिन्यात माणसं ओरडून बोलतात. आणि घरात नूरिया. नूरिया म्हणजे तिची घरातली जोडीदारीण, लिओनकडच्या खेडेगावातली, तिच्याच वर्गातली.

"ती छळते का तुला?"

"नाही. ती सारखं विचारते. तुला काय वाटतं, तू का गप्प आहेस, तू रागावलीस का, रागावली असशील तर सांग. मी ग्रँड आहे म्हटलं तर म्हणते, खोटं बोलतेस." मग म्हणाली, "रोज संध्याकाळी माझं डोकं दुखतं, आई. मला घरी जायचंय."

मला हवं होतं तेच ती म्हणत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, जाऊ आपण. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, म्हणजे झाला, पण त्यात काहीतरी खुपत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात नूरिया आली. बुटकी, ठसठशीत मुलगी, हातात लांब पाव. तिनं माझ्या दोन्ही गालांना गाल लावले, माझ्याशी स्पॅनिशमध्ये भरपूर काहीतरी बोलली, आणि मग तिची नजर भरलेल्या बॅगेवर गेली. स्वरांगीनं तिला काही सांगितलेलंच नव्हतं. माझी मुलगी ताकाला जाऊन भांडं लपवणारी, अगदी बापावर गेलीय.

नूरियानं पाव टेबलावर आपटला आणि सुरू झाली. मला एक अक्षर कळत नव्हतं. स्वरांगी आधी खाली मान घालून उभी होती, एनिसला उभी राहते तशी. हळूच काहीतरी म्हणाली. नूरियाचा आवाज आणखी चढला. बॅगेकडे हात, टेबलावरच्या लॅपटॉपकडे हात, छातीवर हात. आणि मग स्वरांगीनं मान वर केली.

काय सांगू तुम्हाला. माझी ती गरीब गाय. तिचा आवाज नूरियाच्या वर गेला. हात हवेत, कान लाल, केस सुटलेले, आणि तोंडातून स्पॅनिश असं की मध्ये श्वास नाही. नूरिया एक बोलली की ही दोन बोलायची. पाळीबिळी कुणी बघत नव्हतं. मी भिंतीला टेकून बघत राहिले. माझ्या पोटची पोर, आणि तिचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. तो आमच्या आईचा आवाज होता, माझा होता, अमरावतीच्या त्या गल्लीचा होता.

मग नूरियानं तिच्या तोंडासमोर बोट नाचवलं. मला राहवलं नाही. मी मध्ये पडले आणि मराठीत म्हटलं, "ए बाई, आधी ते बोट खाली कर. कुणाच्या मुलीशी बोलतेस तू?" तिला काय कळायचं, पण ती माझ्याकडे वळली आणि मलाच सुनवायला लागली. मीही सोडलं नाही. माझ्या पोरीला रडवलंस, डोकं उठवलंस, आणि वर दांडगाई करतेस. ती स्पॅनिशमध्ये, मी मराठीत. ती एक पाऊल पुढे आली की मी एक. मध्ये एकदा मी विनयच्या वाटणीचंही तिलाच ऐकवलं, आणि दुकानातल्या त्या आजोबांच्या वाटणीचंसुद्धा. खरं सांगते, इतकं बरं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं. छाती मोकळी झाली.

शेवटी दोघींनाही दम लागला. नूरिया कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि स्वरांगीला काहीतरी म्हणाली. स्वरांगी फिसकन हसली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आता कळलं तू कुणाची आहेस. मला वाटलं होतं तू आयरिशच आहेस."

मग नूरियानं मसुराच्या आमटीसारखं काहीतरी गरम केलं आणि माझ्यासमोर ताटली ठेवली. तोंडानं तिचं चालूच होतं. स्वरांगी मला मधूनमधून सांगत होती. दोघींना मिळून पुढच्या आठवड्यात वर्गासमोर एक प्रोजेक्ट मांडायचं होतं. नूरिया म्हणत होती, तू गेलीस तर मला त्या आळशी मुलाबरोबर करावं लागेल. आणि ते सोड, प्रोजेक्ट गेलं खड्ड्यात, पण मला न सांगता जात होतीस, मी तुझी कोण मग? एवढं सांगून झाल्यावर तिनं माझ्या ताटलीत आणखी दोन डाव वाढले. मी नको म्हटलं तर त्यावरही भांडली.

जेवल्यावर दोघी लॅपटॉपसमोर बसल्या आणि पुन्हा वाद घालू लागल्या. बॅग भरलेली तशीच होती. तरी स्वरांगी एका चित्रावरून नूरियाशी हुज्जत घालत होती, जणू सोमवारी ती कुठे जाणारच नव्हती. मी पलंगावर आडवी झाले आणि त्यांची कटकट ऐकत मला झोप लागली.

त्या झोपेतून उठले तेव्हा मला काय खुपत होतं ते कळलं. तिला मी घरी नेणार, म्हणजे कुठे? जिथे सगळे तिला ग्रँड आहे म्हटल्यावर सोडून देतात तिथे. मी इतकी वर्षं जिथे गुदमरले तिथे. या गावात तिला दोन महिन्यांत एक माणूस असं मिळालं होतं जे तिच्या निघून जाण्यावर चिडलं. ते सोडून तिनं यावं, आणि आमच्या किचनमध्ये बसून मोबाइल बघावा, असं मला हवं होतं का? हवं होतं. तेच तर. मला अजूनही हवं होतं.

रविवारी आम्ही दोघी नदीकाठी फिरायला गेलो, तेव्हा मी तिला सांगितलं. म्हटलं, "तू राहतेस. मी एकटी जाते."

तिनं चालता चालता विचारलं, "का?"

मी म्हटलं, काल तू भांडत होतीस तेव्हा मी बघितलं. तिला ते कारण वाटलंच नाही. म्हणाली, तो तर त्रास आहे, आई, तोच तर सांगत होते मी तुला. मी समजावत गेले आणि जितकं समजावलं तितकं माझं मलाच पटेनासं झालं. हिला डिप्रेशन नसेल कशावरून? मी एकदा चुकलेच होते, दुसऱ्यांदा उलट्या बाजूनं चुकत असेन. मुदत तर आठवड्यावर आली होती. विनयला फोन केला, तर तो म्हणाला, तू तिथे आहेस, तुला जास्त कळतं. मला काही कळत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "फाइन. ग्रँड." रात्री तिनं बॅगेतून कपडे काढले, पण कपाटात लावले नाहीत, खुर्चीवर ढीग करून ठेवले.

सोमवारी सकाळी ती मला सोडायला स्टेशनवर आली. नूरियाही येत होती, स्वरांगीनं तिला नको म्हटलं. गाडी लागलेली होती. मी माझी बॅग आत ठेवली आणि दारात उभी राहिले. ती खाली प्लॅटफॉर्मवर, जाकिटाच्या खिशात हात घालून. मी नेहमीचं बोलत होते, फोन कर, थंडी वाढेल, डोकं दुखलं तर अंगावर काढू नकोस. ती मान हलवत होती.

आणि एकदम तिचा चेहरा वाकडा झाला.

"आई, मला घेऊन जा ना," ती म्हणाली. मराठीत. "मी नाही राहणार इथे. मी शहाणी होईन. मी त्रास नाही देणार. मला घेऊन जा ना घरी."

तिची मराठी बालवाडीत गेली तिथेच थांबली होती. त्यानंतर ती वापरलीच नाही, म्हणून वाढलीच नाही. माझ्यासमोर माझ्यापेक्षा उंच झालेली मुलगी उभी होती आणि बोलत होती चार वर्षांच्या पोरीच्या तोंडानं. मोठं झाल्यावर मागायचे शब्द तिला आमच्या भाषेत कुणी शिकवलेच नव्हते, तिच्याकडे होते ते एवढेच.

मी म्हटलं, "नूरिया वाट बघतेय." दुसरं काही सुचलं नाही. मग शिटी झाली, आणि आमच्या दोघींच्या मध्ये दार सरकून बंद झालं.

माधवी म्हणते, पद्मिनी, तू काळजावर दगड ठेवलास, मला नसतं जमलं. विनय चार लोकांत माझं कौतुक करतो. मी कुणाला काही सांगत नाही. खरं हे आहे की दार बंद झालं आणि मी दाराचं बटण दाबलं. एकदा नाही, दाबतच सुटले. दोन्ही हातांनी काच बडवली. मला खाली उतरायचं होतं, तिला ओढून आत घ्यायचं होतं, तिचं तिकीट माझ्या पर्समध्येच होतं. प्रोजेक्ट, भांडण, हक्काची माणसं, मला कशाचं म्हणून काही उरलं नव्हतं. बटणाचा हिरवा दिवा विझलेला होता आणि दार उघडत नव्हतं.

स्वरांगी काचेपाशी आली. मला तिचा आवाज ऐकू येत नव्हता, तिला माझा. ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे मी कशी दिसत होते ते देव जाणे, कारण बघता बघता तिचं रडणं थांबलं. तिनं बाहीनं तोंड पुसलं. गाडी हलायला लागली तशी ती दोन पावलं बरोबर चालली आणि तिनं हातानं मला खुणावलं, सावकाश, तळहात खाली करून, घाबरलेल्या माणसाला सांगतात तसं. बस, आई. बस.

मी बसले.